चौथ्या दिवशीची साखर

चौथ्या दिवशी सकाळी नर्सने त्याच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीला लावला, मीटरकडे बघून "एकशे चार" म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे निघून गेली. हा आकडा त्याच्या ओळखीचा नव्हता. अकरा वर्षांत, दोन वेळचं इन्शुलिन घेऊनही, उपाशीपोटी त्याची साखर दोनशेच्या खाली क्वचितच उतरली होती. दोनशे दहा, दोनशे चाळीस, एखाद्या वाईट आठवड्यात तीनशे सोळा. या आकड्यांची त्याला सवय होती, त्यातला कुठला कशामुळे आला हे तो झोपेतही सांगू शकला असता. आणि आता वजन उतरवायचं ऑपरेशन झाल्यापासून इन्शुलिन बंद, पोटात दोन दिवस नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, तेही चमच्याचमच्याने, आणि एकशे चार. त्याने नर्सला हाक मारली. "सिस्टर, पुन्हा एकदा बघता का?" "का हो? चांगली आलीये की." "म्हणूनच म्हणतोय." ती हसली, पण आली नाही. तो छताकडे बघत पडून राहिला. पोटावर पाच ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या, खालून नळी निघाली होती, कूस बदलायची म्हटलं तर आधी मनाची तयारी करावी लागत होती. आपल्याला कुणीतरी फसवतंय, असं त्याला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं. कोण ते कळेना.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. त्याच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, नखं मुळापर्यंत कापलेली, घाईत असूनही खुर्ची ओढून बसणाऱ्या. त्यांनी केसपेपरच्या मागे पेनने जठर काढलं, त्याचा अंड्याएवढा तुकडा वेगळा केला, मग आतड्याचा एक वळसा काढून त्या तुकड्याला जोडला. "अन्न आता सुरुवातीच्या आतड्यातून जातच नाही. थेट खाली उतरतं. खालच्या आतड्याला इतक्या लवकर अन्न भेटायची सवय नसते, ते लगेच स्वादुपिंडाला निरोप धाडतं, चल, कामाला लाग म्हणून. शिवाय खाणं एकदम कमी झालं की आधी यकृतातली चरबी उतरायला लागते. पोटावरची दिसते ती नंतर. यकृत मोकळं झालं की ते रक्तात उगाच साखर सोडत बसत नाही." त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण आज सकाळी वजन केलं. एक किलो वाढलंय." "सलाईनचं पाणी आहे ते." "म्हणजे चरबी एक ग्रॅमही गेलेली नाही." "दिसणारी नाही." "आणि साखर मात्र गेली." "हो." "चार दिवसांत." डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. "सगळ्यांची अशी जात नाही. इतकी वर्षं इन्शुलिनवर असलेल्यांची तर कमीच. तुमची गेली, आनंद माना. उद्या परतही येऊ शकते, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, म्हणून तपासत राहायचं. पण आत्ता इन्शुलिन नको. अजिबात नको." त्या गेल्यावर त्याने तो कागद उशीखाली ठेवला. त्यांच्या एवढ्या बोलण्यातलं एकच वाक्य त्याने मनाशी धरलं. परतही येऊ शकते.

शंका घेणं हे त्याचं कामच होतं. सरकारी खात्यात तो लिफ्ट तपासायचा. इमारतीतले लोक सांगायचे, साहेब, उत्तम चालते, काही तक्रार नाही. आणि तो मान डोलवून लिफ्टच्या टपावर चढायचा, दोरखंडावरून चिंधी फिरवायचा. चिंधीला धागा अडकला की तिथे तार तुटलेली असते. तुटलेल्या तारा मोजायच्या, ब्रेकचं अस्तर बघायचं, वेग वाढला तर लिफ्ट पकडून धरणारा खटका खरंच पकडतो का ते मुद्दाम वेग वाढवून बघायचं. सव्वीस वर्षांत एक गोष्ट त्याच्या हाडीमासी भिनली होती: बिघडलेली वस्तू एक वेळ परवडते, कारण ती का बिघडली ते शोधता येतं. आपोआप नीट झालेली वस्तू फार वाईट. आवाज करणारी लिफ्ट कुणी हात न लावता एका सकाळी गप्प झाली, तर शहाण्या माणसाने त्या दिवशी जिना चढावा. एकशे सदतीस किलोचा झाल्यापासून टपावर चढणं त्याला अवघड जायचं. मशीनच्या खोलीच्या झडपेतून तो एकदा अडकला होता आणि देखभालीचा जुना मेकॅनिक, ज्याला सगळे मामा म्हणायचे, त्याने खालून खांदा लावून त्याला वर ढकललं होतं. मामा कुणाला काही बोलला नाही. पण त्या दिवशी घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "कर तो ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना फोन."

बायको औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. तिनेच वर्षभर ऑपरेशनचा विषय लावून धरला होता, कात्रणं दाखवली होती, दुकानात येणाऱ्या दोघा-तिघांची उदाहरणं दिली होती. अकरा वर्षं त्याला इन्शुलिनही तीच टोचायची. सकाळी तिच्या दुकानाच्या वेळेआधी, संध्याकाळी आल्यावर चप्पल काढून हात धुतल्या धुतल्या. तो वर्तमानपत्र वाचत शर्ट वर करायचा, ती चिमटीत पोटाची वळी धरायची, सुई आत-बाहेर, कापसाचा बोळा, झालं. स्वतःला टोचून घेणं त्याला यायचं, बाहेरगावी गेला की तो घ्यायचाही. पण घरात हे काम तिचं होतं. दोघांच्यात भांडण असलं, अबोला असला, तरी ही दोन मिनिटं चुकत नसत. मुलगी लग्न होऊन दूर गेल्यावर तर काही काही दिवस तिचा हात त्याला लागायचा तो तेवढाच.

घरी आल्यावर ती दोन मिनिटं रिकामी झाली. पहिल्या संध्याकाळी ती हात धुऊन आली, पदराला पुसले आणि त्याच्यासमोर क्षणभर उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, आता काही नाहीये ना द्यायचं," आणि आत गेली. तिच्या आवाजात सुटका होती की काय, हे तो दोन दिवस घोळवत राहिला. पुढच्या सकाळी त्याने स्वतःचं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. डाव्या हाताचं टोचलं. एकशे एक. मग बायकोला बोलावलं. "हात दे." "माझा कशाला?" "दे तर." तिची ब्याण्णव आली. ती कधीच आजारी नव्हती, म्हणजे मीटर बरोबर होतं. किंवा मग मीटर सगळ्यांना नव्वद-शंभरच दाखवत होतं. त्याने पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघितली, डबी बदलून आणायला सांगितली, नव्या डबीचं झाकण तिच्यासमोर स्वतः उघडलं. ती कंबरेवर हात ठेवून बघत होती. "तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?" ती हसत म्हणाली होती. हसतच म्हणाली होती, हे त्याला नक्की आठवतं.

वजन उतरायला लागलं ते नंतर. पहिल्या महिन्यात बारा किलो, दुसऱ्यात नऊ. पण ते त्याला उतरण्यासारखं वाटलंच नाही, कुणीतरी त्याच्या नकळत सामान हलवत असल्यासारखं वाटलं. आधी अंगठी सैल झाली, मग घड्याळ मनगटावर फिरायला लागलं, मग एक दिवस लाकडी खुर्चीत बसताना बुडाखाली हाड लागलं आणि तो दचकून उठला. आपल्याला तिथे हाड आहे हे तो विसरूनच गेला होता. भर उन्हातही त्याला थंडी वाजायची. पोटाची कातडी सैल होऊन खाली आली, अंघोळ करताना ती हातात धरून तिच्याखाली साबण लावावा लागायचा, आणि ती हातात धरली की त्याला बाबा आठवायचे. बाबांची कातडीही शेवटी अशीच झाली होती, पण ती कुणी ऑपरेशन करून उतरवली नव्हती. बाबांना साखर होती वीस वर्षं. बूट चावून झालेली जखम अंगठ्यावर, मग अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. तो तेव्हा तेवीस-चोवीसचा, नुकता नोकरीला लागलेला. बाबांना उचलून संडासात नेणं, परत आणणं, पट्टी सोडणं, ती पट्टी नाकापासून लांब धरून बादलीत टाकणं. नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून बाबा हाका मारायचे आणि तो चादरीच्या रिकाम्या भागावर खाजवल्यासारखं करायचा. बाबा म्हणायचे, "हां, तिथेच." एकदा मधेच म्हणाले होते, "तुझं नाक माझ्यावर गेलंय, अंगकाठी माझ्यावर गेलीय, हेही येणार बघ. तयारी ठेव." ते चिडून म्हणाले नव्हते. घराची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगावं तसं म्हणाले होते. आणि त्याने तयारी ठेवली होती. अडतिसाव्या वर्षी रिपोर्ट आला तेव्हा बायको रडली, तो रडला नाही. बूट मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी बदलले.

सुट्टी संपायच्या आठवड्यात तो दूरच्या वस्तीतल्या एका लॅबमध्ये गेला. आपल्या नेहमीच्या लॅबवर त्याचा विश्वास उरला नव्हता. तिथल्या लोकांना ऑपरेशनचं माहीत होतं, बायकोची ओळख होती, दुकानाची त्यांची देवाणघेवाण होती. नव्या लॅबच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "पेशंटचं नाव?" आणि त्याने बाबांचं नाव सांगितलं. ठरवून नाही. तोंडाला तेच आलं. वय विचारलं तेव्हा बाबा गेले तेव्हाचं वय सांगितलं, त्रेसष्ट, आणि तिने चष्म्यावरून एकदा बघितलं फक्त. दुपारी रिपोर्ट घेतला तो त्याने बाहेर पायरीवर बसून वाचला. बाबांचं पूर्ण नाव, टाइप केलेलं, शेजारी वय, खाली उपाशीपोटीची साखर: सत्त्याण्णव. नॉर्मल. त्या माणसाला उभ्या आयुष्यात असा कागद मिळाला नव्हता. तो किती वेळ पायरीवर बसला होता कोण जाणे. आत जाणारी-येणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. चार दिवसांत जाणारी गोष्ट होती तर मग ती वीस वर्षं काय होती? त्या पट्ट्या, ती बादली, ते "तयारी ठेव"? आतड्याचा एक तुकडा इकडचा तिकडे जोडला की संपते, इतकीच जर ती होती, तर बाबांचा पाय कशासाठी गेला? त्याने रिपोर्टचे चार तुकडे केले, मग आठ, आणि लॅबच्या दारातल्याच डब्यात टाकले. हे असं नसणार. कुठेतरी चूक आहे. सापडत नाहीये एवढंच.

कामावर रुजू झाल्यावर लोकांनी त्याच्याकडे डोळे फाडून पाहिलं. कुणी अभिनंदन केलं, कुणी हळूच बाजूला घेऊन विचारलं, दुसरं काही नाही ना निघालं? मामा म्हणाला, "साहेब, आता झडपेतून दोन तुम्ही जाल." तो हसला. पण आठवड्याभराने, जेवणानंतर तासाभराने ऑफिसच्या स्वच्छतागृहात त्याने बोट टोचलं तेव्हा मीटरने एकशे एकाहत्तर दाखवले, आणि त्याला जे वाटलं ते आनंदासारखं होतं. आली. परत आली. जेवणानंतर एवढी चढू शकते, डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर तसं छापलेलं होतं, त्याने ते वाचलंही होतं. पण त्या क्षणी कागद कोण बघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको ओट्याशी असताना त्याने फ्रिजच्या दारातली इन्शुलिनची बाटली घेतली. ऑपरेशनच्या आधी आणलेली, जेमतेम दोन-तीनदा वापरलेली, तिथेच राहिली होती. पाण्यासारखं स्वच्छ औषध. बाथरूमची कडी लावून त्याने दहा युनिट भरले. पूर्वी तीस घ्यायचा, तेव्हा दहा म्हणजे काहीच नाही. सैल कातडी चिमटीत धरताना त्याला वाटलं, हे आपण आपलं आपल्याला करतोय खरं, पण बोटं तिचीच आठवतायत.

अकराच्या सुमाराला एका नऊ मजली इमारतीत तो लिफ्टच्या टपावर उभा होता. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे. मामा वरच्या मशीनच्या खोलीतून ओरडून विचारत होता, घेऊ का हळू खाली? त्याला उत्तर द्यायचं होतं. ओठ बधिर झाले होते. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, हातातली बॅटरी थरथरत होती, आणि समोरचे सगळे दोरखंड दोन-दोन दिसायला लागले. आपण मोजत होतो, कितीपर्यंत आलो होतो ते गेलं. तो खाली बसला, टपाच्या लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून. त्या वेळी मनात भीती नव्हती, हे त्याला नंतर फार खटकलं. एक प्रकारचं बरं वाटत होतं. शांत. मामाला संशय आला, त्याने मुख्य स्विच पाडला, सातव्या मजल्याचं दार किल्लीने उघडून टपावर उतरला आणि त्याच्या तोंडाला साखरेचं पाणी लावलं. "घोट घ्या साहेब. घ्या म्हणतो ना!" पंधरा मिनिटांनी दोरखंड पुन्हा एकेक झाले. "अशक्तपणा आहे," तो म्हणाला, "खाणं कमी ना आता." मामा त्याच्याकडे बघत राहिला. "वहिनींना फोन करू?" "काही गरज नाही. आणि तुम्हीही काही बोलू नका."

कुणालाही वाटेल, यानंतर त्याने बाटली टाकून दिली असेल. त्याने दोन दिवस मधे जाऊ दिले आणि पुन्हा घेतलं, या वेळी सहा युनिट. या वेळी काही झालं नाही. दहा घेतले, तरी काही झालं नाही. साखर पंच्याण्णव, एकशे दोन, सत्त्याण्णव. आणि त्याचं मन निवळलं. आता त्या आकड्यांना कारण होतं. मी रोज टोचून घेतोय, म्हणून साखर ताब्यात आहे. ऑपरेशनने काहीही केलेलं नाही. चार दिवसांत गेलेली वगैरे सगळं थोतांड. त्या विचाराने त्याला झोप लागायला लागली. रोज सकाळी कडी लावायची, टोचायचं, सुई कागदात गुंडाळून ऑफिसच्या वाटेवर टाकायची. दहाचे चौदा झाले, चौदाचे वीस. आकडे हलेनात. शरीर निर्ढावलंय, तो स्वतःला सांगायचा, अकरा वर्षांचं शरीर आहे. बायको संध्याकाळी यायची, हात धुवायची, दुकानातल्या गमती सांगायची. मधेच त्याच्याकडे बघत राहायची, आणि त्याने वर पाहिलं की नजर काढून घ्यायची. ती काहीतरी लपवतेय, असं त्याला वाटायला लागलं. तिची पर्स पूर्वी कपाटात असायची, ती आता तिच्या उशाशी असते, हे त्याने टिपलं. एकदा ती फोनवर मामाशी बोलत असल्यासारखं वाटलं. तो आत आल्यावर "बरं, ठेवते" म्हणून तिने फोन ठेवला. तीस किलो उतरलेल्या माणसाची बायको काय काय विचार करू शकते याची एक यादी त्याच्या डोक्यात तयार झाली होती. त्यातलं एकही तो तिला विचारू शकला नाही, कारण विचारायला गेलं तर तिनेही काही विचारलं असतं.

तीन महिन्यांच्या तपासणीला तो एकटाच गेला. डॉक्टर रिपोर्ट बघून खूश झाल्या. "तीन महिन्यांची सरासरीसुद्धा नॉर्मल. यकृताची सोनोग्राफी बघा, आधी किती चरबी होती." तो थांबला, त्यांना पूर्ण बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, मी रोज इन्शुलिन घेतोय. गेले पाच आठवडे. सध्या वीस युनिट. तुमच्या ऑपरेशनने साखर गेलेली नाही." हे वाक्य त्याने रिक्षात मनात चार वेळा म्हणून पाहिलं होतं. डॉक्टरांचा चेहरा पडेल असं त्याला वाटलं होतं. त्या पांढऱ्या पडल्या, पण वेगळ्याच कारणाने. "वीस?" त्यांनी त्याचं मनगट धरून नाडी बघितली, लगेच बोट टोचायला सांगितलं. एकशे सहा. "आज सकाळी घेतलंत?" "हो." "चक्कर, घाम?" "पहिल्या दिवशी. नंतर नाही." त्यांनी केसपेपर पुढे ओढला. मग रक्ताची आणखी एक तपासणी लिहून दिली, शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय ते सांगणारी, आणि दुपारपर्यंत त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. पुन्हा आत बोलावलं तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. "तुमचं स्वादुपिंड उत्तम काम करतंय. त्यावर तुम्ही खरोखर रोज वीस युनिट घेतले असते, तर आज इथे बसला नसतात. कुठेच बसला नसतात. तुमच्या बाटलीत जे काही आहे, ते इन्शुलिन नाही." "खराब झालं असेल?" तो म्हणाला. "फ्रिजमध्ये असून?" डॉक्टर म्हणाल्या. "ती बाटली आज टाका. आणि पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी बरोबर आणा."

घरी कुणी नव्हतं. त्याने बाटली काढून खिडकीशी धरली. अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली. आणि तिथे उभ्या उभ्या त्याने जो हिशोब केला, तो त्याने पहिल्या आठवड्यातच करायला हवा होता. पूर्ण भरलेली बाटली चारशे युनिटची. पाच आठवडे, आधी दहा, मग चौदा, मग वीस. त्याने किमान पाचशे युनिट टोचून घेतले होते. आणि बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. दुसऱ्यांच्या दोरखंडातली एकेक तार मोजणारा माणूस पाच आठवडे रोज ही बाटली हातात घेत होता, आणि ती संपत कशी नाही हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो खुर्चीत बसला. बाटलीत ते भरणारा हात कोणाचा, हे विचारायचीही गरज नव्हती. घरात दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला बाटलीचं रबर न फाडता आत सुई कशी घालायची ते अकरा वर्षं रोज दोनदा करून माहीत होतं. पाच आठवडे. तिने पाच आठवडे आपल्याला काहीतरी टोचून घेऊ दिलं. काय होतं त्यात?

ती साडेसहाला आली. त्याने बाटली टेबलावर ठेवली होती. तिने ती पाहिली, पर्स खाली ठेवली, आणि चप्पल न काढताच समोर बसली.

"काय आहे हे?"

"सलाईन," ती म्हणाली. "सीलबंद. दर दोन दिवसांनी मी ओतून नवीन भरायचे. पर्समध्ये असायचं."

"केव्हापासून?"

"लिफ्टवर बसलात त्या दिवशी मामांनी मला दुपारी फोन केला. आले तर बाटली हललेली. मी मापून ठेवत होते आधीपासून. सवय आहे मला." तिचा आवाज सपाट होता. "दहा युनिट कमी होते."

"मग विचारलं का नाहीस? सरळ टाकून द्यायचीस."

"टाकून दिली असती तर तुम्ही दुसऱ्या दुकानातून आणली असतीत. खरी." ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "म्हणून तर संपू दिली नाही. बाटली संपली की तुम्ही नवीन आणणार, आणि ती मला कळणार नाही. रोज सकाळी तुम्ही कडी लावलीत की मी दाराबाहेर उभी असायचे. पडल्याचा आवाज येतो का ऐकत. सलाईन आहे हे माहीत असूनही."

त्याने बाटली हातात घेतली, परत ठेवली. रागाला जागा शोधत होता, सापडत नव्हती. "पाच आठवडे," तो म्हणाला. "मला फसवलंस."

"हो. फसवलं." ती म्हणाली. "आणि अकरा वर्षं मी तुम्हाला टोचत होते, तेव्हा एकदा तरी विचारलंत का, काय भरलंयस त्यात? मीटर बघितलंत, लॅब बघितलीत, डॉक्टर खोट्या, पट्ट्या खोट्या. माझ्या हातातली सुई तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता घेतलीत." मग तिचा आवाज बदलला. "मला सांगा आता. मी धीर करून विचारतेय. मरायचं होतं का तुम्हाला?"

एवढ्या दिवसांच्या संशयांत हा संशय त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. तो पटकन "नाही" म्हणाला. आणि म्हटल्या म्हटल्या त्याला टपावरची ती पंधरा मिनिटं आठवली, ती शांतता, आणि आपलंच "नाही" त्याला इमारतीतल्या लोकांच्या उत्तरांसारखं ऐकू आलं, उत्तम चालते, काही तक्रार नाही. तो थांबला. ती वाट बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं; हे कधी झालं, आपण काय बघत होतो?

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही. ती चार दिवसांत गेली, ते मला सहन झालं नाही. बाबा गेले त्याच्यात. पाय देऊन गेले. मला म्हणाले होते, तुलाही येणार. मी वाट बघत होतो गं. आणि ती आली, आणि मी तिला घेऊन चाललो होतो, नीट. मग एकदम कुणी म्हणालं, उतरव, झालं. म्हणजे मी दोन पायांवर असा चालत निघून जायचं? त्यांना तिथे ठेवून?" त्याचा आवाज फाटला. पन्नाशीला आलेला माणूस, शर्ट खांद्यावरून ओघळलेला, टेबलावर दोन्ही हात पालथे टाकून रडत होता. "मला वाटलं, खोटं असावं. खोटं असेल तर बरं."

ती उठली नाही, जवळ आली नाही. तिलाही रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता आणि तो तिने लपवला नाही. "हे मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "सुईला काय कळतं?"

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो किक मारत राहिला, मग हातानेच ढकलत घेऊन गेला.

"उद्या दोघं जाऊ," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही तुमचं सांगायचं, मी केलेलं मी सांगणार. ओरडल्या तर दोघांना ओरडू देत. आणि त्या म्हणतील त्या दुसऱ्या डॉक्टरांकडेही जायचं. मनाच्या."

"जाऊ."

"मला अजून भीती वाटतेय तुमची."

"मलाही," तो म्हणाला.

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा नाही, नुसताच. तिचा तळहात गरम होता, त्याचा हात गार. कितीतरी दिवसांनी हाडापर्यंत पोचणारं काहीतरी त्याला लागलं, आणि ते काय आहे, कशामुळे आहे, किती टिकेल, यातलं काहीही न विचारता तो हात तसाच ठेवून बसून राहिला.